आदर्श शालेय ग्रंथालय चालवू इच्छिणाऱ्यांसाठी

शाळेत ग्रंथालय सुरू करावयाचे असल्यास प्रथम एक भक्कम कुलूप खरेदी करावे. पुस्तके मागाहून आली तरी चालते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके पुरवणारे ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. ते उघडून बसायला माणूस असावा असे त्या नोंदीत म्हटलेले नाही, याचा पुरेपूर लाभ घ्यावा.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तरानुसार ५ ते २० हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदान मिळते. ते मार्चअखेरपर्यंत राखून ठेवावे आणि मग विक्रेता देईल तो गठ्ठा घ्यावा.

पोषण आहाराच्या तांदळाची पोती कपाटांना टेकवून ठेवावीत.

ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरत असल्याने बहुधा आपल्याला त्याची चिंता नसते. चुकून अर्धवेळ ग्रंथपाल मिळालाच, तर त्याला यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहितीसंकलनाची) माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची बैठकव्यवस्था आणि रजेवरील शिक्षकांचे तास द्यावेत, म्हणजे पुस्तकांकडे वळण्याइतका रिकामा वेळ त्याला उरणार नाही.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मुलांच्या हाती पुस्तके द्यावीत, छायाचित्र काढावे आणि पुस्तके मोजून परत घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुस्तक घरी देऊ नये. सातवीतल्या माझ्या भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी पक्ष्यांवरचे पुस्तक हवे होते. ते कपाटात काचेआड दिसत होते, दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांकही होता; पण चौकशीला गेलो तेव्हा मला समजावण्यात आले की मुले पुस्तके हरवतात, आणि मग ती भरून कोणी द्यायची? हा प्रश्न अत्यंत जबाबदारीचा आहे, यात शंका नाही. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांनी मात्र वर्षभरात दिल्या-हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी मानले आहे, अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल तर. दिल्लीच्या हिशेबनिसांना जे परवडते ते तुम्हाला परवडत नाही! वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करणे, तुम्ही बिनबोभाट करता, कारण वाळवीकडून भरपाई मागता येत नाही. मुलाने नेलेल्या एका पुस्तकाची मात्र एवढी दहशत. शेवटी त्या मुलीने मोबाइलवरून दोन परिच्छेद उतरवले, त्यावर तिला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला, आणि त्याच शाळेच्या पालकसभेत हल्लीची मुले वाचत नाहीत म्हणून आम्हाला अर्धा तास ऐकवण्यात आले.

वाचतील कशी? अडखळत वाचणाऱ्या मुलाला कोणते पुस्तक द्यावे, ते आवडल्यावर पुढचे कोणते सुचवावे, सूची कशी पाहावी, दोन पुस्तकांत वेगवेगळी माहिती आढळली तर काय करावे, हे शिकवणे ग्रंथपालाचे काम आहे आणि तेही अध्यापनच आहे. तुम्ही त्याला कारकून करून टाकले आहे. पद मंजूर नसेल तर वाचनाची आवड असलेल्या एका शिक्षकाला आठवड्याला चार तासिका मोकळ्या करून द्या, पोती दुसऱ्या खोलीत हलवा, पुस्तके मुलांना घरी नेऊ द्या. एवढ्यासाठी कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहत बसला आहात?