सप्टेंबर रिकामा नसतो

पाऊस ओसरायला लागला की आपल्या साताऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: पक्ष्यांचं स्थलांतर बघायचं तर समुद्रात घुसलेल्या भूशिरावरच जावं लागतं, आपल्याकडे येतात ते फक्त सायबेरियाचे फ्लेमिंगो, तिकडची थंडी सोसवत नाही म्हणून, आणि तेही डिसेंबरनंतर. हे वाचून माणसं सप्टेंबर-ऑक्टोबर घरात बसून काढतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर.

भूशिराची गोष्ट अर्धी खरी आहे. स्पेनमधल्या तारिफाला या दिवसांत घारी, गरुड, करकोचे यांची रीघ लागते. जमीन तापली की गरम हवा वर चढते. रुंद पंखांचे पक्षी त्या हवेवर गिरक्या घेत उंच जातात आणि पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरत जातात. समुद्रावर असे झोत फारसे मिळत नाहीत. म्हणून हे पक्षी जमिनीच्या पार टोकापर्यंत येतात आणि आफ्रिकेपर्यंतचं 14 किलोमीटरचं पाणी जिथे सगळ्यांत अरुंद, तिथून ओलांडतात. टोकावर दाटी होते ती एवढ्यासाठी. पक्षी तिथवर जमिनीवरूनच आलेले असतात.

पंख मारत उडणाऱ्यांना हा नियम लागू नाही. 2013 साली नागालँडमध्ये उपग्रह टॅग लावलेले अमूर ससाणे भारत आडवा कापून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत गेले. वटवट्यांसारखे चिमुकले पक्षी तर रात्री उडतात. त्यांचा प्रवास भूशिरावर उभं राहूनही दिसायचा नाही. दिसतो तो सकाळी उतरलेला पक्षी, आणि तो आपल्या बाभळीतही उतरतो.

‘डिसेंबरनंतर’ हे तर साफ चूक. सप्टेंबरमध्ये यवतेश्वरच्या बाजूला एखाद्या वाहत्या ओढ्याकाठी दहा मिनिटं गप्प बसा. ओल्या दगडावर पाठीला राखाडी, पोटाला पिवळा, लांब शेपटीचा पक्षी दिसेल. शेपटी सारखी खालीवर. पाण्यावरचा किडा उडाला की हा हातभर उसळतो आणि पुन्हा त्याच दगडावर येतो. हा करडा धोबी, हिमालयाकडून आलेला. आपल्या छत्र्या अजून वाळलेल्या नसतात तेव्हा हा हजर असतो. माण-खटावच्या शेतकऱ्यांना तर हे सांगायलाच नको. ज्वारी-बाजरीवर भोरड्यांचे थवे पडतात, त्या भोरड्या मध्य आशियातून येतात. राखणीला गोफण घेऊन उभा राहिलेला माणूस स्थलांतरच बघत असतो.

आता फ्लेमिंगो, म्हणजे रोहित. ते सायबेरियात घरटी करत नाहीत. आपल्या देशातली त्यांची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. सलीम अली 1945 मध्ये तिथे गेले, तेव्हा चिखलाच्या घरट्यांच्या त्या वस्तीत त्यांनी सुमारे पाच लाख पक्ष्यांचा अंदाज केला होता. येरळवाडीच्या तलावावर रोहित उशिरा का दिसतात, याचं उत्तर तलावातच सापडतं. त्यांना चोच उलटी बुडवून चिखल गाळायला उथळ पाणी लागतं. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो; पाणी मागे सरलं की त्यांची पंगत बसते. खरोखर लांबून, मंगोलिया-तिबेटकडून येतो तो पट्टकादंब हा हंस. हिमालय ओलांडताना त्याची 7,290 मीटर उंचीची नोंद झाली आहे.

थंडीचं म्हणाल तर पिसांच्या आत पक्षी भलताच ऊबदार असतो. त्याला हलवते ती उपासमार: किडे संपतात, पाणी गोठतं. आणि कितीतरी पक्षी त्याआधीच, ऑगस्टमध्येच, दिवस लहान होऊ लागल्याची खूण घेऊन निघतात.

तेव्हा यंदा रोहितांची वाट बघत थांबू नका. येत्या रविवारी सूर्य उगवायच्या आत ओढ्यावर जा आणि पहिला धोबी दिसला की तारीख वहीत मांडा. शेजारच्या गावातही कुणीतरी मांडू दे. पुढच्या वर्षी त्या दोन तारखा शेजारी ठेवून बघू.