‘सावकाश चावा, गोळ्या सोडा’: या मेसेजमधलं खरं किती?

सध्या मुंबईतल्या फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय. काय खाता ते महत्त्वाचं नाही, कसं खाता ते महत्त्वाचं. प्रत्येक घास ३२ वेळा चावा, मोबाइल दूर ठेवा, खरी भूक लागेल तेव्हाच जेवा. तीन महिन्यांत डायबिटीस जातो, गोळ्या सुटतात. ओळखीतल्या एका काकांनी तो वाचून गोळी बंद केली, म्हणून लिहितेय.

‘काय खाता ते महत्त्वाचं नाही.’ साफ चूक. दादर स्टेशनबाहेरचा वडापाव कितीही मन लावून खाल्ला तरी पाव आणि बटाट्याचं पोटात ग्लुकोजच होतं. आहार-संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ सारखंच. हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. म्हणजे खाण्याचा वेगसुद्धा ताटात काय आहे त्यावर ठरतो.

‘३२ वेळा चावा.’ सावकाश खाण्याचा फायदा खरा आहे. अथेन्समधल्या २०१० च्या अभ्यासात तेवढंच आइस्क्रीम पाचऐवजी तीस मिनिटांत खाल्ल्यावर पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी आतड्यातली संप्रेरकं जास्त आढळली. पण ३२ हा आकडा दातांचा, साखरेशी त्याचा संबंध नाही. उलट लाळेतलं अमायलेझ हे एन्झाइम तोंडातच भातातला स्टार्च फोडून त्याची साखर करू लागतं. सिंगापूरमधल्या एका अभ्यासात १५ वेळा चावलेल्या भातापेक्षा ३० वेळा चावलेल्या भाताने रक्तातली साखर जास्त वाढली! चावू नका असं मी म्हणत नाही. भात किती वाढून घेतला, ते आधी बघा.

मोबाइलचं मात्र अगदी बरोबर. स्क्रीनकडे बघत जेवताना जास्तच खाल्लं जातं.

‘तीन महिन्यांत डायबिटीस जातो.’ अमेरिकेतल्या ओहायोत टाइप २ डायबिटीसच्या रुग्णांच्या एका गटाला सजगपणे खायला शिकवलं, दुसऱ्याला नेहमीचं आहार-शिक्षण दिलं. वजन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारली. ही पद्धत उपयोगी आहे, विशेषतः ताण आला की खात सुटणाऱ्यांना. पण गोळीची जागा ती घेते, असं यातून कुठेही दिसत नाही.

‘खरी भूक लागेल तेव्हाच जेवा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण लांबवलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, भोवळ. विरार लोकलच्या दारात उभ्या माणसाचं तेव्हा काय होईल? आणि टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर जिवावरच बेततं.

बदलापूरहून पहाटे निघणाऱ्या बाईला निवांत जेवायला वेळ कुठे आहे? तिची साखर वाढली की तिला ‘नीट चावत नाहीस’ म्हणायचं, याचा मला खरोखर राग येतो. तिला जमेल ते सांगू या: डब्यातली भाजी-उसळ आधी, पोळी-भात शेवटी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, हे न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात दिसलंय, आणि त्याला जास्तीचं एक मिनिटही लागत नाही. गोळी कमी करायची असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. काकांनाही मी तेच सांगितलंय.