पावती मागणारी मावशी

गुरुपौर्णिमेला मावशीला घेऊन इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये पाद्यपूजेला गेले होते. कुठले महाराज ते विचारू नका, सांगणार नाही. मावशी ७८ वर्षांची, गुडघे कामातून गेलेले, तरी तासभर रांगेत उभी. टेबलापाशी पोचल्यावर ५०१ रुपयांचं पाकीट पुढे करत तिनं विचारलं, "पावती देता ना?"

बसलेला मुलगा गोड हसला. "आजी, गुरूंपाशी प्रश्न विचारायचे नसतात."

"गुरूंना कुठे विचारतेय? तुला विचारतेय."

तेवढ्यात मागून "चला, चला पुढे" सुरू झालं. पण ते "विचारायचे नसतात" चार दिवस डोक्यात घुमतंय, म्हणून हा प्रपंच.

हीच आषाढी पौर्णिमा बौद्धांच्या घरी धम्मचक्रप्रवर्तनाची. सारनाथला बुद्धांनी पहिला उपदेश केला तो दिवस. समोर पूर्वी त्यांच्याबरोबर तप करणारे पाच जण होते, आणि ते पाचही रुसलेले. तप सोडून हा चैनीला लागला, आला तरी उठून उभं राहायचं नाही, असं आपसात ठरवलेलं. बुद्ध म्हणाले, मला मार्ग सापडलाय. पाच जण म्हणाले, एवढं तप करून सापडला नाही, तो आता खाऊनपिऊन कसा सापडला? एकदा नाही, तीनदा तोंडावर विचारलं. जगातले पहिले बौद्ध शिष्य हे असे! आणि गुरूही कसा, तर तिघे भिक्षेला गेले की उरलेल्या दोघांना शिकवणार, दोघे गेले की तिघांना. जी भिक्षा येईल त्यात सहा जणांनी भागवायचं.

पुढे विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, गुरु-शिष्यांची कामं लावून दिली आहेत. शिष्यानं उपाध्यायाला, म्हणजे आपल्या गुरूला, दातून द्यायचं, तोंड धुवायला पाणी द्यायचं, त्याचं चीवर (भिक्षूचं वस्त्र) धुवायचं. इथवर आपल्याकडचे महाराजही खूष. पण शिष्य आजारी पडला तर हेच सगळं उपाध्यायानं शिष्यासाठी करायचं, दातूनासकट. आणि उपाध्यायाच्या मनात चुकीची दृष्टी शिरली, तर ती काढायचं काम शिष्याचं. हे कुठल्या प्रवचनात ऐकलंय का कोणी? मी तरी नाही. अखेरच्या दिवसांत बुद्धांनी आनंदाला सांगितलं की माझ्याकडे 'आचरियमुट्ठि' नाही, म्हणजे मूठ झाकून ठेवणाऱ्या आचार्यासारखं मी काही राखून ठेवलेलं नाही.

सूफींचं गणित वेगळं आहे. सगळे धर्म सारखेच म्हणून ते बुद्धाच्या खात्यात जमा करायचं, हे मला मान्य नाही. इस्लाममध्ये नमाजाला मधला माणूस लागत नाही. पीर, म्हणजे गुरू, लागतो तो तरीकतच्या, म्हणजे सूफी साधनेच्या वाटेवर, आणि तो मानायचा की नाही यावर मुसलमानांतच मोठा वाद आहे. मुरीद, म्हणजे शिष्य, पीराच्या हातात हात देऊन बैअत करतो, निष्ठेची शपथ घेतो. मुरीदानं कसं असावं, तर मयताला आंघोळ घालणाऱ्याच्या हातातल्या मयतासारखं, असं जुनं सूफी वचन आहे. मला ते वाचताना अंगावर काटा येतो. पण पीरालाही शजरा, म्हणजे गुरूंची वंशावळ, दाखवावा लागतो. तो कोणाचा मुरीद, ते कोणाचे, अशी साखळी थेट पैगंबरांपर्यंत. वरून इजाजत (परवानगी) नसेल तर त्यानं कोणाला मुरीद करायचं नाही. म्हणजे पावती तिथेही आहे.

'प्रश्न विचारू नका' म्हणणारे कुराणातल्या मूसा आणि त्यांना वाटेत भेटलेला ज्ञानी खिज्र यांच्या गोष्टीचा दाखला देतात. मी सांगेपर्यंत काही विचारू नकोस, ही खिज्रची अट. मग तो गरिबांची नाव फोडतो, एका मुलाला मारतो, ज्या गावानं जेवू घातलं नाही तिथली पडकी भिंत फुकट बांधून देतो. मूसा, जे स्वतः पैगंबर, तीनदा बोलतात. इथेही तीनदाच! शेवटी वाटा वेगळ्या होतात. पण निघण्याआधी खिज्र तिन्ही गोष्टींची कारणं एकेक करून सांगतो: पुढे नावा बळकावणारा राजा होता, मुलगा आईबापांना छळणार होता, भिंतीखाली अनाथांचं धन होतं. गोष्ट सांगणारे नेमके इथे घाईत असतात.

आपल्या बडोद्याचेच इनायत खान घ्या. जन्म १८८२ चा, मौलाबक्षांचे नातू. सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ मध्ये गायनशाळा काढणारे ते मौलाबक्ष. घरात गाणं असं भरलेलं, तरी हा माणूस हैदराबादला अबू हाशिम मदनींचा मुरीद झाला आणि १९१० मध्ये अमेरिकेला जाऊन सूफी मार्ग शिकवू लागला. आणि याच शहरात १९१७ मध्ये बाबासाहेबांना राहायला कोणी जागा दिली नाही. ते सयाजीबागेत झाडाखाली बसून रडले. त्या माणसानं बुद्ध, कबीर, फुले असे तीन गुरू केले, तिघेही हयात नसलेले. त्यांचे पाय धुवायची सोयच नाही, वाचूनच घ्यावं लागतं. १९५६ मध्ये नागपूरला चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग मागे वळून लाखोंना स्वतःच दिली.

मावशीचं राहिलंच. पावती मिळाली नाही. तिनं पाकीट परत पर्समध्ये टाकलं, पाद्यपूजा मात्र मनापासून केली. येताना सेव-उसळ खायला थांबलो. रस्सा जाळ होता. नाक पुसत तिनं गाडीवाल्यालाही बिल मागितलं. तो म्हणाला, "बा, बिल नथी." यावर ती भांडली नाही. म्हणाली, "याची उसळ तरी समोर दिसतेय."