अभ्यासाला गेलेली मुलं फिरतात, आणि त्यांनी फिरायलाच हवं

गणपती उठले की पुण्यातल्या कितीतरी घरांत हॉलमध्ये बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. ऑक्टोबरात जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरभर कुणाची ना कुणाची मुलगी, भाचा, पुतण्या निघालेला असतो. आमच्याकडे यंदा आतेबहीण निघाली आहे. मागच्या वर्षी मावसभाऊ गेला. त्याचे प्रागचे फोटो घरच्या ग्रुपवर आले, तेव्हा खाली पहिलं वाक्य पडलं, "अभ्यासाला पाठवलंय की फिरायला?" त्यावर आणखी चारपाच जणांनी हसून घेतलं. नंतर त्याचे फोटो यायचे थांबले. घरच्यांनी अर्थ लावला की पोरगा आता अभ्यासाला लागला. तो फिरतोच आहे, फक्त आता ग्रुपवर सांगत नाही. (हे त्याला विचारून आणि त्याच्या आईला सांगून लिहिते आहे.) मला काळजी वाटते ती या गप्प होण्याची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी २०२१ ते २०२४ आखेनला होते. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला चिकटलेलं हे जर्मन गाव पुण्याच्या इंजिनिअरिंगवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. मास्टर्स केलं, थोडी नोकरी केली, आता परत पुण्यात आहे. माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी मित्रमैत्रिणींबरोबर फिरावं, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहावं, आणि ते घरी मोकळेपणाने सांगता येईल एवढी जागा आपण इथे बसून त्यांना द्यावी.

आधी पैशाचं बोलते, कारण आईवडिलांची काळजी तिथून सुरू होते आणि ती खरी असते. जर्मनीच्या व्हिसासाठी सध्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या घरात. त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलाच्या हातात येतात. खोलीचं भाडं, विमा, किराणा यांत बरेचसे संपतात. कर्ज काढलेलं असतं, कुणी दागिने मोडलेले असतात. अशा वेळी मुलगी नदीकाठी कॉफी पितानाचा फोटो टाकते आणि आईच्या पोटात गोळा येतो. मी हे माझ्याच घरात पाहिलं आहे.

पण हिशेब नीट मांडा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसली तरी दर सत्राला एक शुल्क भरावं लागतं. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून बऱ्याच विद्यापीठांत त्या शुल्कातच देशभर चालणारं सेमिस्टर तिकीट येतं. २०२५-२६ च्या हिवाळी सत्रासाठी त्याचे २०८ युरो ८० सेंट होते. त्यावर जर्मनीभरच्या शहर बस, ट्राम, लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीईसारख्या वेगवान गाड्या चालत नाहीत. हे पैसे खोलीत बसून राहणाराही भरतो. त्यामुळे जी मुलगी रविवारी मैत्रिणींबरोबर तीन तासांवरचं गाव बघून येते, तिचा प्रवासखर्च आधीच देऊन झालेला असतो. डबा ती घरून नेते. मुक्काम करायचा तर आठ जणांच्या खोलीत एक पलंग घेते आणि तिथल्या स्वयंपाकघरात पास्ता नाहीतर खिचडी लावते. वर लागणारे पैसे बरीच मुलं स्वतः कमावतात. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे आणि किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं. म्हणजे शनिवारी आठ तास गोदामात उभं राहिलं की शंभरेक युरो व्हायचे. त्या शंभर युरोंतून मुलगा प्रागला गेला, तर ते त्याने पाय दुखेपर्यंत राबून मिळवलेले आहेत.

२०२२ चा उन्हाळा मला विसरता येणार नाही. इंधन महागल्यामुळे जर्मन सरकारने जून, जुलै आणि ऑगस्टसाठी ९ युरोत महिनाभर देशात कुठेही प्रादेशिक गाडीने फिरायचं तिकीट काढलं होतं. गाड्या खच्चून भरायच्या. आम्ही आखेनहून हॅम्बुर्गला गाड्या बदलत बदलत गेलो, दाराशी जमिनीवर बसून. माझा अभ्यासक्रम इंग्रजीत होता. जर्मन मी पुण्यात शिकून गेले होते, परीक्षाही पास होते, पण तोंड उघडायला धजत नव्हते. ते उघडलं या गाड्यांत. जोडगाडी चुकली की फलाटावर विचारावंच लागतं. शेजारच्या आजी डब्यात काय आहे म्हणून विचारतात, त्यांना मेतकूट म्हणजे काय हे सांगावंच लागतं. आज ऑफिसात जर्मन सहकाऱ्यांशी फोनवर बोलताना जी भाषा माझ्या तोंडून येते, ती त्या तीन महिन्यांत बसली. कुठल्याच गुणपत्रिकेवर ती दिसत नाही.

आखेनच्या वेशीवर एक टेकडी आहे, तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात ती जागा. उंची जेमतेम ३२२ मीटर, म्हणजे सिंहगड चढलेल्या माणसाला काहीच नाही. वर एक दगड. ना कुंपण, ना चौकी. १९२० पर्यंत इथे मोरेस्नेट नावाचा चौथा, कुणा एकाच्याच मालकीचा नसलेला चिमुकला प्रदेशही होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्यात एक मुलगा लाहोरचा होता. तो त्या दगडाभोवती पुन्हा पुन्हा फेरी मारत राहिला. आम्ही दोघांनी त्या दिवशी सीमेवर काही भाषण केलं नाही. उतरताना त्याने मला एवढंच सांगितलं की त्याची आजी अमृतसरची.

आणि बर्लिन. वर्गातली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण इराणी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये, हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला. त्यानंतरचे आठवडे ही मुलगी झोपलीच नाही. तिकडचं इंटरनेट बंद पडायचं, आईचा आवाज दिवसेंदिवस ऐकू यायचा नाही. आमच्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात ती रात्रभर फोन धरून बसायची आणि आमच्यापैकी कुणीतरी तिच्याबरोबर जागायचं. २२ ऑक्टोबरला बर्लिनमध्ये इराणी लोकांचा मोठा मोर्चा निघाला. विजयस्तंभाजवळ जमलेली माणसं पोलिसांच्या अंदाजाने ८०,००० होती. आम्ही रात्रीच्या बसने गेलो, दिवसभर तिच्याबरोबर चाललो, 'झन, झेंदेगी, आझादी' (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो आणि त्याच रात्री परत निघालो. तिने त्या गर्दीत डोक्यावरचे केस मोकळे सोडून एक फोटो काढला आणि लगेच पुसून टाकला, कारण तो तिकडे कुणी पाहिला तर घरच्यांना त्रास होईल. माझ्याकडे त्या दिवसाचा ब्रांडेनबुर्ग गेटसमोरचा एक फोटो आहे. पुण्यात तो पाहून मला विचारलं गेलं, "परत ट्रिप?"

म्हणून सांगते, फोटोवरून काही ठरवू नका. कोण कुणाबरोबर कशासाठी गेलं होतं हे फोटोत येत नाही. ते मुलाने सांगावं लागतं, आणि सांगावंसं वाटावं लागतं.

आता रात्रीबद्दल. खरी अडचण इथे आहे हे मला ठाऊक आहे, आणि मुलींच्या बाबतीत जास्त. आखेनला पोंटश्ट्रासे नावाची गल्ली आहे, एका टोकाला मध्ययुगीन वेस, दोन्ही बाजूंना खाण्यापिण्याची ठिकाणं, आणि विद्यार्थ्यांची झुंबड. परीक्षा संपली की सगळे तिथे. होय, दारू असते. मी पीत नाही; माझ्या गटात न पिणारे निम्मे तरी होते. सफरचंदाचा रस सोडा घालून मागवायचा, कुणी आग्रह करत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. पिणाऱ्यांतही चांगली मुलं होती. आमचा नियम एकच होता, बाहेर पडताना जेवढे, घरी पोचताना तेवढेच. कुणाला जास्त झाली तर त्याला खोलीपर्यंत सोडून, पाण्याची बाटली उशाशी ठेवूनच बाकीचे जायचे. या गोष्टी मुलांना कळतात. कॉलेजच्या वयात आपल्याकडे त्यांच्यावर एवढा भरवसा कुणी ठेवत नाही, म्हणून आपल्याला त्या दिसत नाहीत.

आणि त्यानंतरचं चालत परतणं! रात्रीचे दोन, बोचरी थंडी, वेशीबाहेर पडून वसतिगृहाकडे जाणारा रस्ता, आणि आपण चौघी मोठमोठ्याने बोलत चाललो आहोत. पुण्यात हे मला फक्त विसर्जनाच्या रात्री मिळालं होतं. लक्ष्मी रोडवर पहाटे तीनला आयाबहिणी, मुलीबाळी उभ्या असतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उरलेलं वर्षभर त्याच रस्त्यावरून साडेदहाला निघालेल्या मुलीचा फोन घरून वाजत राहतो. आईवडिलांचं चुकतं असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी स्थानकात जे घडलं ते पहाटे, उभ्या बसमध्ये, गजबजलेल्या शहराच्या मधोमध घडलं. तिकडेही स्वर्ग नाही. २०१५ च्या थर्टीफर्स्टच्या रात्री कोलोनच्या स्टेशनबाहेर जमावाने बायकांना घेरलं आणि पुढे शेकडोंनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नोंदवल्या. आखेनहून तासाभरावर आहे ते स्टेशन. मी तिथे रात्री उतरताना सावध असायचेच.

फरक पडतो तो व्यवस्थेचा. शनिवार-रविवारी रात्रीच्या बस असतात. अनेक शहरांत रात्री ड्रायव्हरला सांगितलं तर दोन थांब्यांच्या मध्ये घराजवळ उतरवतो. हाइमवेगटेलेफोन नावाची स्वयंसेवकांची सेवा आहे. रात्री एकटीने घरी चालताना फोन लावायचा, दार उघडेपर्यंत पलीकडचं माणूस बोलत राहतं. हे सगळं वापरायला मुलगी तिथे शिकते. पुण्यात रातराणी बस आहेत, पण अगदी मोजक्या मार्गांवर. रात्री बाहेर राहायला शिकलेल्या मुली परत येतील तेव्हा त्या जास्त बस मागतील, दिवे मागतील. मी मागते आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या ओळखीची एक मराठी मुलगी दोन मैत्रिणींबरोबर शेजारच्या देशात गेली होती. घरी सांगितलं होतं, प्रोजेक्ट आहे, लायब्ररीत बसणार. रात्री बस स्थानकावर तिची बॅग गेली. त्यात पासपोर्ट, बँकेचं कार्ड, सगळं. राहण्याच्या परवान्याचं कार्ड नशिबाने खिशात होतं. तिने आम्हाला फोन केला, आम्ही पैसे पाठवले, मैत्रिणींनी तिला पोलिसांकडे नेलं. त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे काही दिसू नये म्हणून ती कोऱ्या भिंतीला टेकून उभी राहिली, केस नीट केले, आणि "जेवले, आता झोपते" असं म्हणाली. पुढे फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन नवा पासपोर्ट मिळेपर्यंत तिने घरी एक अक्षर कळू दिलं नाही. चोरीपेक्षा ती भिंत मला जास्त भयंकर वाटते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आयुष्यातल्या सगळ्यात घाबरलेल्या रात्री आईसमोर उभं राहून नाटक करावं लागलं, कारण "फिरायला गेलीस कशाला" हा प्रश्न तिला चोरापेक्षा मोठा वाटला.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागायचे. आपण रोज रात्री मुलांचा चेहरा बघतो. तरी त्यांचं काय चाललंय हे आपल्याला कळत नाही, कारण आपण रोज एकच विचारतो: जेवलास का, अभ्यास झाला का.

अभ्यास बुडवून भटकणारी मुलं नसतात असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जर्मन विद्यापीठांत तिसऱ्या प्रयत्नातही सक्तीचा विषय सुटला नाही तर तो अभ्यासक्रम कायमचा बंद होतो. तिथे लाड नाहीत. पण मी ज्यांना कोसळताना पाहिलं ते भटकणारे नव्हते. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणि हे एकटे खोलीत. त्यांना कुणी ओढून बाहेर काढणारं नव्हतं.

आतेबहिणीला मी कामाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. ११२ हा नंबर संपूर्ण युरोपियन युनियनमध्ये चालतो. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू युरोपियन युनियनच्या बहुतेक इतर देशांतही उपचाराला उपयोगी पडते. सीमा ओलांडताना पासपोर्ट आणि परवाना दोन्ही हवेत, पण एका खिशात नकोत. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू आहे आणि बसमध्ये पोलीस चढतात.

आत्याला वेगळं सांगितलं. म्हटलं, आत्या, फोटो आला की विचार, बरोबर कोण कोण होतं, रात्री परत कसे आलात, त्यातला हा उंच मुलगा कुठला. चार नावं तुला पाठ असू देत, तेवढ्यांचे नंबर मागून ठेव. आणि कधी रात्री-अपरात्री फोन आलाच, तर पहिलं वाक्य "कुठे आहेस, बरी आहेस ना" एवढंच. बाकीचं सगळं ती घरी पोचल्यावर. आत्या म्हणाली, रागवायचंसुद्धा नाही? म्हटलं, रागव ना, पण दुसऱ्या दिवशी.

ज्यांची मुलं यंदा निघाली आहेत त्यांनी तिकीट, विमा, रात्रीच्या बस, काहीही इथे विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन. मुलींच्या आयांनी तर जरूर विचारा. उघड विचारायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा.