‘दहा हजार देतात, तरी पोरं घरीच’: या फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: सरकार घरबसल्या महिना दहा हजार देतंय, योजना डझनभर आहेत, सगळं ऑनलाइन आहे, तरी पोरं बेकार, कारण त्यांना कष्ट नकोत.

दहा हजार मिळतात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, तेही पदवीधरांना. बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000. घरबसल्या तर नाहीच, रोज कामावर जावं लागतं. 2024 मध्ये योजना आली तेव्हा मुदत सहा महिने होती, पुढे अकरा केली. त्यानंतर नोकरीची हमी नाही. 2025 मध्ये हेच प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला उतरले. कष्ट नको असणारी पोरं कामासाठी रस्त्यावर कशाला उतरतील?

योजना डझनभर आहेत, हे खरं. खरी गोची तिथंच आहे. वरची योजना राज्याच्या कौशल्य विभागाची. नॅप्स ही शिकाऊ उमेदवारीची योजना केंद्राच्या कौशल्य मंत्रालयाची, तिची जुळी नॅट्स शिक्षण मंत्रालयाची, आणि पंतप्रधान इंटर्नशिप थेट कंपनी व्यवहार मंत्रालयाची. प्रत्येकाचं पोर्टल, वयाची अट, कागदपत्रं निराळी. इंटर्नशिपच्या 2024 च्या पहिल्या फेरीत वय 21 ते 24 हवं होतं. राज्याच्या योजनेत 18 ते 35 चालतं. त्यात मेख अशी, की नॅप्स किंवा नॅट्समधून प्रशिक्षण पूर्ण केलेला त्या इंटर्नशिपला अपात्र. म्हणजे एक दार उघडलं की दुसरं बंद, आणि कुठलं आधी उघडावं हे येरवड्यातल्या बारावी पास मुलीला सांगायला कुणीच बांधील नाही. रोजगार मेळाव्यातही ते कळत नाही. तिथं बायोडेटा घेतात आणि पुढचा म्हणतात.

‘सगळं ऑनलाइन आहे’ याला काय उत्तर द्यायचं! केंद्राचं करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे, राज्याचं महास्वयम आहे. कमी आहे ती टेबलापलीकडच्या जाणत्या माणसाची. महापालिकेच्या सहभागाने चालणाऱ्या लाइटहाउस केंद्रांत वस्तीतल्या मुलांचा कल पाहून मार्गदर्शन होतं. या सगळ्या योजनांची माहिती आणि अर्जांचा पाठपुरावा तिथंच एका टेबलावर आणता येईल.

राहिले कष्ट. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांनी आधी आपल्या कंपनीच्या एचआरला विचारावं, आपले किती टक्के?