मुलं आणि कासवं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कासवांच्या घरट्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की आमची संस्था गावातल्या मुलांना फुकट राबवते, त्यांचा अभ्यास बुडवते, फायदा होतो तो होमस्टेवाल्यांचा. आणि बारावी झाली की मुलं मुंबईची गाडी धरतात ती धरतातच. तुमचा मुलगा याच तालुक्यात शिकतो, म्हणून सविस्तर लिहिते.

दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही हंगामात बोलवत नाही, बाकीची फक्त सुट्टीच्या दिवशी येतात. रोजची पहाटेची गस्त कासवमित्रांची, म्हणजे घरटी राखायला नेमलेल्या गावकऱ्यांची. त्यांना हंगामापुरतं मानधन असतं आणि त्यात घर चालत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ते वाढावं म्हणून आम्ही भांडतोच आहोत.

पण मुलं काय करतात ते एकदा या आणि बघा. ऑलिव्ह रिडले मादी रात्री पुळणीवर चढते, अंडी घालून परत जाते. मागे उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. त्याच्या टोकाशी वाळू कुठे भुसभुशीत लागते ते हाताने चाचपायचं, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी. परवा नववीतली एक मुलगी कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडं वर काढत होती. जसं होतं तसंच, न फिरवता. मग हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून अंडी राखतो त्या जागेत, दीड फूट खड्डा, तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद, आणि त्यात शंभरावर अंडी. आम्ही मोठी माणसं मागे उभी होतो. मध्ये कोणी बोललं नाही, कारण बोलण्याची गरज नव्हती.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. भाषणं आणि चित्रकला स्पर्धा करून मुलं एक दिवस येतात. काम त्यांच्यावर सोपवलं तर टिकतात. हॅचरीची वही आमच्याकडे मुलंच लिहितात : तारीख, अंडी, वाळूचं तापमान, किती पिल्लं निघाली. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. हे कळल्यावर मार्चमध्ये जाळीवर सावली करायची का, हा विषय बैठकीत त्यांनीच काढला. ओडिशात 2021 साली ओळखीसाठी नंबराची पट्टी लावलेली मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, हे कळलं ते पट्टीवरचा नंबर कोणीतरी नीट वाचला म्हणून. नीट वाचणारी, नीट लिहिणारी माणसं किनाऱ्याला हवी आहेत.

मुंबईला जाणारे जाणार, त्याचा मला राग नाही. पण राहणारेही आहेत, घरच्या होडीवर जाणारे. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला 2018 पासून सरकारकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी फोटो, व्हिडिओ, अर्ज लागतो. ते काम ही मुलं वडिलांसाठी करतात.

होमस्टेचं म्हणाल, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सवामुळे तिथल्या घरांत पाहुणे येऊ लागले, चार पैसे आले. पूर्वी अंडी खाल्ली-विकली जायची, आता राखली जातात. यात मला काही वावगं दिसत नाही. पिल्लांवर फ्लॅश मारणारी गर्दी मात्र मलाही खपत नाही, आणि तिला मागे सारायचं कामही आमच्याकडे मुलंच करतात, पाहुण्यांशी न भांडता.

जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला असतो, जरूर तपासा. आणखी एक मागणं आहे. तुमच्या वडिलांनी जन्मभर खाडीत होडी चालवली, असं तुम्ही लिहिलंय. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची माहिती लिहायच्या वहीत, खाडीची पानं अजून कोरी आहेत. कुठला मासा कुठल्या भरतीला येतो, कांदळात कोण घरटं करतं, हे मुलांना सांगणारं कोणी नाही. येत्या रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत बसणार आहोत. त्यांना घेऊन याल का?