टेम्पोत चढेल तेवढंच!

"तीनच वर्षांचा तर प्रश्न आहे" हे वाक्य गेल्या दीड वर्षात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली की पुढचं मीच म्हणते.

आमची नौपाड्यातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि नवी उभी राहीपर्यंत १६ बिऱ्हाडं ठाण्यात जिथे जागा मिळेल तिथे भाड्यानं पांगली. कुणी चरईत, कुणी खोपटला, कुणी थेट घोडबंदर रोडला. कुणाकडेही जा, दृश्य एकच. हॉलच्या कोपऱ्यात खोक्यांची चळत, वर जुनी चादर टाकलेली, भिंती कोऱ्या आणि डोक्यावर पांढरीफटक ट्यूब. का, तर "उघडून काय करायचं, परत भरायचंच आहे."

मला नाही पटत हे. इथे आलो तेव्हा माझी मुलगी नववीत होती, नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत तिची बारावी झालेली असेल. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांच्या हिशेबात तीन वर्षांना 'तीनच' म्हणत नाहीत.

अर्थात पहिले दोन महिने आम्हीही तसेच राहिलो, उगाच शहाणपणा मिरवत नाही. देवघराचं खोकं सापडेना म्हणून आईंनी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा स्टीलच्या ताटलीत मांडून फ्रिजवर ठेवले होते. एकदा दिवा लावताना स्वतःशीच म्हणाल्या, "देवांनाही भाड्यानं ठेवलंय." त्याच रविवारी सगळी खोकी फोडली. माझ्या मते भाड्याच्या घराची निम्मी सजावट एवढीच असते आणि तिला एक रुपया लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या फडताळाचा मधला कप्पा रिकामा केला, तिथे देव बसले.

मग घरात एक नियम केला. जे टेम्पोत चढेल त्यावरच खर्च, भिंतीवर एक पैसा नाही.

हल्ली रील्समध्ये चिकटवायचे वॉलपेपर फार दाखवतात. आमच्या शेजारणीनं मे महिन्यात हॉलची एक भिंत विटांच्या डिझाइनची करून घेतली. दिसलीही झकास. जुलैत बाहेरून ओल आली, कागदाला फुगे धरले, आणि ओढून काढायला गेली तर डिस्टेंपरचे पोपडे हातात. आता डिपॉझिटमधून किती कापणार यावर मालकांशी घासाघीस चालू आहे. कोकणपट्टीच्या पावसात हा उद्योग करूच नये. चिकटवायच्या हुकांचंही तेच. टाइल्सवर मस्त बसतात, डिस्टेंपरवर लावले तर वजनानं रंगासकट खाली येतात. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा दिली की गोंद सैल पडतो, हे मी दोन खड्डे पाडल्यावर शिकले.

आमच्या मालकांची पहिली अट होती, नवीन खिळा ठोकायचा नाही. जुने खिळे वापरू का, विचारलं तर चालेल म्हणाले. आधीच्या भाडेकरूंनी सहा खिळे सोडले होते, त्या सहांवर आमचं घर टांगलंय. एक खिळा नेमका बाथरूमच्या दारावर होता, त्यामुळे घड्याळ तिथे आहे. कधीही बघा, कुणीतरी बाथरूमकडे तोंड करून उभं असतं. आणि हो, राहायला जायच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, खिळ्यांचे, ओलीच्या डागांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. शिवाय महाराष्ट्रात ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको, या समजावर राहू नका.

आता पडदे. तयार पडद्यांचे भाव ऐकून मी दुकानातून परत आले. आईंच्या ट्रंकेत त्यांच्या आईची दोन नऊवारी लुगडी होती, नेसायला विरलेली पण रंग पक्का. एक लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. पाच फुटी खिडकीला दुमडीसकट पावणेदोन मीटर धरलं तर चार पाट निघतात, वर मीटरभर उरतं, त्यात उशांचे दोन अभ्रे होतात. काठ लांबीला असतो, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही कडांना आपोआप उभा येतो, वेगळी लेस नको. पदर मात्र शिंप्याला आधीच दाखवा. आमच्या शिंप्यानं तो मधोमध कापायला घेतला होता, आईंनी अक्षरशः त्याचा हात धरला. चार पाटांची शिलाई ४०० रुपये झाली. चौकटीत ताणून बसणारा दांडा मिळतो, त्याला ड्रिल लागत नाही. दुपारी ऊन आलं की हॉलभर फिकट अंजिरी उजेड पडतो. आई तेव्हा मुद्दाम तिथे येऊन बसतात.

पडद्यांचं सोडलं तर पैसे मी फक्त उजेडावर खर्च केले. आपल्याकडे उजेड म्हणजे लख्ख पांढरा असं समीकरण आहे. बल्बच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर तो तसा पांढरा, २७०० किंवा ३००० असेल तर जुन्या पिवळ्या बल्बसारखा. वाचायला, भाजी निवडायला ट्यूब आहेच. पण संध्याकाळी ती बंद करून कोपऱ्यात एक पिवळा एलईडी लावा, तीच उडालेल्या रंगाची भिंत अंगावर येईनाशी होते. शेडसाठी लोहार चाळीत हिंडून आले आणि शेवटी जांभळी नाक्यावरून १५० रुपयांची बांबूची टोपली घेतली. उलटी करून बुडाला भोक पाडलं, होल्डर बसवला. एलईडी फारसा तापत नाही म्हणून हे जमतं. जुना साठचा बल्ब लावायचा असेल तर टोपलीच्या वाटेला जाऊ नका.

झाडं विकत घेतली नाहीत. बिल्डिंग पाडायच्या आधी मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी आलेली पिल्लं मुळांसकट उपटून आणली होती. तेलाच्या १५ किलोच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात लावली. तीनपैकी एक जगलं, आता माझ्या कमरेएवढं झालंय. मूळ झाड बुलडोझरखाली गेलं.

गेल्या आठवड्यात बिल्डरचं पत्र आलं, ताबा आठ महिने पुढे. नवरा चिडला, सोसायटीच्या ग्रुपवर रात्रभर धुमश्चक्री चालली होती. सकाळी आईंनी ट्रंक उघडली, दुसरं लुगडं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आतल्या खोलीचं माप घेऊन ठेव. आणि शिंप्याकडे या वेळी मी येते."